क्लायंट टिकत नाहीत, अजून एक कोर्स करू का?

पत्र:

ताई, मी २४ वर्षांचा आहे. पर्सनल ट्रेनरचं सर्टिफिकेशन पहिल्याच प्रयत्नात पास झालो आणि सात महिन्यांपूर्वी जिमला लागलो. आधी दोन महिने फ्लोअर केला (म्हणजे जिममध्ये सगळ्यांकडे लक्ष द्यायचं काम), मग पीटी, म्हणजे पर्सनल ट्रेनिंग, सुरू. आत्तापर्यंत सात क्लायंट मिळाले, त्यातले सहा पहिलं पॅकेज संपलं की गेले, दोघं तर अर्धवट टाकूनच गेले. एक काकू तेवढ्या आहेत, ५८ वर्षांच्या, त्या आठवड्यातून दोनदा न चुकता येतात. आमच्याकडे एक सीनिअर दादा आहे, खरं सांगतो त्याला ॲनाटॉमी माझ्याएवढी येत नाही, पण त्याच्याकडे लोक वेटिंगला असतात. मॅनेजर रोज म्हणतो सेल्स वाढव. मला वाटतंय करेक्टिव्ह एक्सरसाइज (शरीराची ठेवण आणि हालचाल सुधारणारे व्यायाम) आणि न्यूट्रिशन असे दोन ॲडव्हान्स कोर्स करावेत, त्याला कर्ज काढावं लागेल. नाहीतर जिम सोडून सरळ ऑनलाइन कोचिंग सुरू करावं. क्लायंट डाएट चार्ट मागतात, सप्लिमेंट विचारतात, द्यावं का? पहाटे साडेचारला उठतो, रात्री दहाला घरी पोचतो, स्वतःचा वर्कआउट बंद पडलाय. काय करू?
- नवा ट्रेनर

उत्तर:

अरे, आधी एकच सांगते, कर्ज काढू नकोस. बाकीचं सगळं सावकाश वाचलंस तरी चालेल पण हे आजच वाच. तुझं दुखणं क्लायंट टिकत नाहीत हे आहे आणि तू औषध शोधतोयस ते परीक्षेचं, आणि परीक्षेत तर तुला काही अडचण आलेलीच नाहीये. सात जणं आली, सहा गेली. याचं उत्तर पुस्तकात असतं तर तुझ्यासारख्या अभ्यासू मुलाला ते पहिल्याच महिन्यात सापडलं असतं.

मी सोळा वर्षं हे काम करतेय, गेली काही वर्षं नवीन ट्रेनर्सना हाताखाली घेऊन शिकवतेय सुद्धा, आणि माझं मत आता पक्कं झालंय की पहिल्या दीड-दोन वर्षांत ट्रेनरने कमवायची गोष्ट एकच, ती म्हणजे नजर. समोरचा माणूस दारातून आत येताना कसा चालतोय, आज झोप झालीये का, तिसऱ्या रेपला, म्हणजे तोच व्यायाम तिसऱ्यांदा करताना, श्वास का अडकला, "ठीक आहे" म्हणाला पण आवाज ठीक नव्हता, हे दिसायला लागणं. ही नजर फक्त माणसांसोबत तास घालवून येते. तुझे तास अजून फार थोडे झालेत, सात क्लायंट म्हणजे सगळे मिळून शंभर सेशनसुद्धा झाले नसतील कदाचित, त्यामुळे तू कमी पडतोयस असं मला वाटत नाही, तू नवीन आहेस इतकंच.

पहिल्या सेशनला तू काय करून घेतोस ते तू लिहिलं नाहीयेस, पण नवीन ट्रेनर बहुतेक एकच चूक करतात म्हणून विचारते. पहिल्याच दिवशी माणसाला पिळून काढतोस का? पैसे वसूल झाले असं त्याला वाटावं म्हणून स्क्वॉट, लंजेस, पुशअप्स, वर सर्किट, शेवटी प्लँक? तो घाम पुसत हसत "भारी होतं" म्हणून जातो, तुला वाटतं जमलं, आणि मग दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरता येत नाही. हे दुखणं व्यायामानंतर साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं, म्हणजे बरोबर पुढच्या सेशनच्या वेळेला, आणि मग मेसेज येतो की आज जरा काम आलंय. तू समजतोस त्याला शिस्त नाही. त्याच्या बाजूने बघ, वर्षानुवर्षं न हललेलं शरीर घेऊन तो हिंमत करून आला आणि बदल्यात त्याला खुर्चीवरून उठता येईना झालं, तो परत कशाला येईल?

पहिले दोन आठवडे मुद्दाम हलके ठेव. प्रत्येक व्यायामाचा एक, फार तर दोन सेट (सलग रेप्सची एक फेरी म्हणजे सेट), आणि अजून तीन-चार रेप्स सहज निघतील असं वाटत असतानाच थांबव. स्नायूंना एकदा थोडासा डोस मिळाला की पुढच्या वेळी तोच व्यायाम कमी दुखवतो, हे संरक्षण बऱ्याच कमी कामातूनही मिळतं, त्यामुळे हलकी सुरुवात म्हणजे वाया गेलेले दिवस असं अजिबात समजू नकोस. आणि जे अतिरेक करतात त्यांच्यासाठी हेही सांगून ठेवते, सवय नसलेल्या माणसाला एकदम भरमसाट व्यायाम दिला तर रॅब्डोमायोलिसिस होऊ शकतो, म्हणजे स्नायूंच्या पेशी फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि किडनीवर ताण येतो. व्यायामानंतर कोणी सांगितलं की खूप सूज आहे, ताकदच राहिली नाहीये, लघवी चहासारखी गडद होतेय, तर पाणी पी आणि आराम कर असा सल्ला देत बसायचं नाही, ताबडतोब हॉस्पिटलला पाठवायचं. ट्रेनर म्हणून हे तुला झोपेतही आठवलं पाहिजे.

माझी एक गोष्ट सांगते. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे पन्नाशीतले एक गृहस्थ यायचे. मी पुस्तकात होतं तसं २२० मधून वय वजा केलं, टार्गेट हार्ट रेट काढला, ट्रेडमिलवर चालवलं, तर त्यांचा रेट काही केल्या वर जाईना. मी स्पीड वाढवत गेले. ते घामाघूम, वाक्य पूर्ण बोलता येईना, आणि मी स्क्रीनकडे बघत म्हणतेय अजून थोडं, अजून थोडं. शेवटी त्यांनी स्वतःच रेलिंग धरलं आणि थांबले. ते ब्लड प्रेशरसाठी बीटा ब्लॉकर घेत होते, त्या गोळ्या हार्ट रेट वर चढूच देत नाहीत. फॉर्मवर औषधाचं नाव त्यांनी लिहिलेलं होतं, मी ते वाचलंही होतं, पण त्याचा अर्थ काय ते कोणाला विचारलं नव्हतं. नशिबाने काही झालं नाही. पण माणूस समोर धापा टाकतोय आणि मी आकड्याकडे बघतेय, हे मला अजून डोळ्यासमोर दिसतं. ते २२० वजा वय हे सूत्र तसंही अंदाजाचं, एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सहज असतो. तेव्हापासून मी बोलण्यावरून अंदाज घेते, आणि ० ते १० मध्ये किती जड वाटतंय ते विचारते. ही जाणवणाऱ्या मेहनतीची मोजपट्टी गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने बनवलीये, त्याची मूळची पट्टी ६ ते २० अशी होती. औषध घेणाऱ्या माणसासाठी तर हीच जास्त भरवशाची.

त्यामुळे पार-क्यू, म्हणजे व्यायामाआधी तब्येतीची चौकशी करणारा फॉर्म, हा नुसता सही घ्यायचा कागद नाहीये. त्याच्या पहिल्या पानावर सातच प्रश्न असतात, पण ते शेजारी बसून, मोठ्याने वाचून, उत्तर ऐकत भरून घे. "छातीत दुखतं का" याला लोक पटकन नाही म्हणतात, आणि तू जरा थांबलास की मग म्हणतात, "तसं जिना चढताना कधीकधी दाटून येतं." ते "तसं" ऐकायला आलं की व्यायाम सुरू करायचा नाही, आधी डॉक्टरकडे.

आता बोलण्याबद्दल, कारण माझा अंदाज आहे तू फार बोलतोस. वाईट वाटून घेऊ नकोस, ज्याला खूप माहीत असतं तो बोलतोच. क्लायंट म्हणतो वजन कमी करायचंय, तू लगेच कॅलरी डेफिसिट, इन्सुलिन, एनईएटी (दिवसभराच्या साध्या हालचालींत जळणाऱ्या कॅलरी) सगळं सांगतोस. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दारूचं व्यसन असलेल्या लोकांसोबत काम करताना १९८३ मध्ये मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची पद्धत मांडली, पुढे स्टीफन रोलनिकसोबत ती वाढवली, आणि आज ती व्यायाम आणि आरोग्याच्या कामात सगळीकडे वापरतात. त्यातली मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे बदल का करायचा याची कारणं समोरच्याच्या तोंडून आली पाहिजेत, आपण जितका जोर लावू तितका तो "हो पण" म्हणत मागे सरकतो. म्हणून विचार, आत्ताच का यावंसं वाटलं? आधी कधी व्यायाम सुरू करून सुटला होता का, तेव्हा नेमकं काय झालं होतं? आणि मग गप्प बस. खरंच गप्प बस, दहा सेकंद अवघड जातात पण जाऊ दे. त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तो माणूस तुलाही कधी आणि का सोडून जाणार ते जवळजवळ सांगून टाकतो. कोणी म्हणेल मुलांच्या परीक्षा आल्या की सुटतं, कोणी म्हणेल आधीचा ट्रेनर सगळ्यांसमोर ओरडायचा. मग तुझा प्लॅन त्यावर बनव, परीक्षेच्या महिन्यात वीस मिनिटांचं सेशन ठेव, पण धागा तोडू नको.

शिकवतानाही तेच. मी नवीन ट्रेनर्सचे सेशन बघते तेव्हा एका स्क्वॉटला सहा सूचना ऐकू येतात, छाती वर, कोअर टाइट, गुडघे बाहेर, टाचा खाली, मान सरळ, श्वास सोड. बिचाऱ्याने करायचं काय? एका सेटला एकच सूचना दे. आणि ती शरीराबाहेरच्या कशाबद्दल असेल तर अजून बरं. गॅब्रिएल वुल्फ या संशोधक बाईंनी यावर कितीतरी वर्षं काम केलंय, आणि पुन्हापुन्हा असं दिसलंय की लक्ष स्वतःच्या स्नायूवर असण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर असलं तर माणूस लवकर आणि चांगलं शिकतो. म्हणजे "ग्लूट्स (नितंबाचे स्नायू) आवळ" पेक्षा "पायाने जमीन खाली ढकल". डेडलिफ्टला "हिप हिंज कर" पेक्षा "दोन्ही हातात पिशव्या आहेत आणि कारचं दार कमरेच्या मागच्या बाजूने ढकलून बंद करायचंय". हे म्हटलं की जमतं, मी अक्षरशः शेकडो वेळा बघितलंय. तुला ॲनाटॉमी येते ती इथे वापर, कुठला स्नायू काम करत नाहीये ते तू ओळख, पण क्लायंटला त्याचं नाव सांगायची गरज नाही, त्याला चित्र दे. आणि हात लावून पोझिशन दुरुस्त करायची असेल तर प्रत्येक वेळी आधी विचार, मग समोर कोणीही असो. नाही म्हणाले तर स्वतः करून दाखव.

आता तुझ्या सीनिअर दादाबद्दल. त्याला ॲनाटॉमी येत नाही हे तू मला सांगितलंस, तो काय करतो ते मात्र एका ओळीतही लिहिलं नाहीस. माझी विनंती आहे, त्याला सरळ जाऊन विचार की दादा, तुझे तीन-चार सेशन बाजूला उभं राहून बघू का. बहुतेक सीनिअर हो म्हणतात, कोणी शिकायला आलं की आवडतं. मग वही घेऊन उभा राहा आणि त्याच्या व्यायामांकडे बघूच नकोस, तो क्लायंट आल्याबरोबर पहिलं वाक्य काय बोलतो, मागच्या वेळचं काय लक्षात ठेवतो, वजन कधी कमी करतो, सेटच्या मधल्या वेळात मोबाईल कुठे असतो, शेवटची दोन मिनिटं कशी घालवतो, ते लिही. त्याच्या प्रोग्रॅममध्ये चुका दिसतीलही, त्या तुझ्याजवळ ठेव. लोक त्याच्यासाठी थांबून राहतात म्हणजे त्याला असं काहीतरी येतंय जे तुला यायचंय, आणि ते तुला पगार घेता घेता शिकायला मिळतंय.

वही म्हटलं म्हणून. तू सेशन लिहून ठेवतोस का? ॲपमध्ये ठेव नाहीतर कागदावर, पण प्रत्येक क्लायंटचं वेगळं पान पाहिजे, वजन किती, रेप्स किती, किती जड वाटलं, झोप कशी होती, काय दुखत होतं, आणि एक ओळ माणसाबद्दल, आईचं ऑपरेशन आहे, नवीन नोकरी लागली, असं काहीही. प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड हा शब्द तुला पाठ आहे, पण तो आला कुठून बघ. थॉमस डिलॉर्म नावाचा अमेरिकन लष्करातला डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या पायात ताकद परत आणायचं काम करत होता, तेव्हा अशा पेशंटना भारी वजन द्यायची पद्धत नव्हती. त्याने दिलं, पण मोजून दिलं, माणूस दहा वेळा जेमतेम उचलू शकेल एवढं वजन शोधायचं आणि ताकद वाढेल तसं ते वाढवत न्यायचं. १९४५ मध्ये त्याने ते छापलं. पुढे वॉटकिन्स नावाच्या सहकाऱ्यासोबत त्याने त्या वजनाच्या अर्ध्यावर, पाऊणवर आणि मग पूर्ण वजनावर असे दहा-दहाचे तीन सेट ठरवले, आज जगभर "तीन सेट दहा रेप्स" म्हणतात त्याची मुळं तिथे आहेत. मोजून ठेवलं नसतं तर यातलं काहीच उभं राहिलं नसतं. तुझ्या क्लायंटला आठ आठवड्यांनी तू वही उघडून दाखवलंस की पहिल्या दिवशी रिकामा बार घेऊन पाच स्क्वॉट होत होते आणि आज तीस किलो घेऊन दहा होतात, तर पॅकेज रिन्यू करा असं वेगळं सांगायला लागत नाही. वजनकाटा हलला नसेल त्या महिन्यात तर ही वहीच माणसाला धरून ठेवते.

सेल्सला घाबरू नकोस. ट्रायल सेशनला समोरच्याला त्याच्या पोटाची लाज वाटायला लावून पॅकेज विकणारे लोक मी बघितलेत, त्यांचे क्लायंट येतातही, पण राहत नाहीत, आणि मला हा प्रकार अजिबात मान्य नाही. तू साधं कर. त्याने जे कारण सांगितलं ते त्याच्याच शब्दांत परत म्हण, त्यासाठी आठवड्यातून किती दिवस आणि साधारण किती महिने लागतील ते खरं सांग, पैसे किती ते न अडखळता सांग आणि थांब. जमत नसेल तर आठवड्याला एक सेशन आणि बाकीचे दिवस स्वतः करायचा लिहून दिलेला प्लॅन, असा पर्याय दे. वजन एका महिन्यात इतकं कमी होईल असं वचन कधीच द्यायचं नाही, मॅनेजर काहीही म्हणो.

डाएट चार्ट. देऊ नकोस. सर्वसाधारण माहिती सांगायला हरकत नाही, जेवणात भाज्या वाढवा, झोप सांभाळा, ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला प्रोटीन थोडं जास्त लागतं (२०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा दर किलो वजनाला रोज साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायू वाढायला विशेष फायदा दिसला नव्हता). पण डायबेटिस असलेल्या, किडनीचा त्रास असलेल्या, किंवा जेवणाशी आधीच भांडण असलेल्या माणसाला सकाळी हे रात्री ते असं लिहून देणं आपलं काम नाही, ते डाएटिशियनचं. सप्लिमेंट विकून कमिशन घेणं तर नकोच. एकदा ते सुरू झालं की तू सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीवर क्लायंटला शंका येणार, आणि व्यायामाआधी घ्यायच्या प्री-वर्कआउट सप्लिमेंटमधलं भरपूर कॅफिन बीपीच्या माणसाने घेतलं तर काय होईल याची जबाबदारी तुला पेलणार आहे का? त्याऐवजी एक चांगला फिजिओ, एक डाएटिशियन, एक डॉक्टर शोध, स्वतः जाऊन भेट, आणि क्लायंटला त्यांच्याकडे पाठवताना दोन ओळींची चिठ्ठी दे, काय दिसलं, कशाने दुखतं, आपण काय करतोय. तेच लोक पुढे त्यांचे पेशंट तुझ्याकडे पाठवतात, माझे निम्मे क्लायंट आजवर असेच आलेत. "हे माझ्या कामाच्या बाहेरचं आहे" म्हणताना आपण छोटे झालो असं तुला वाटेल, पण समोरच्याचा भरवसा त्यानेच वाढतो.

मग कोर्स कधी करायचे? करायचे आहेतच, सर्टिफिकेट रिन्यू करायला लागणारच आहे, सर्टिफिकेट देणाऱ्या अमेरिकन संस्थांपैकी एनएएसएम आणि एसीईचं दर दोन वर्षांनी, एसीएसएम आणि एनएससीएचं तीन वर्षांनी, आणि त्यासाठी शिक्षणाचे तास भरावेच लागतात. फक्त क्रम बदल. आधी वर्षभर कोण लोक तुझ्याकडे येतात आणि कोण टिकतात ते बघ, मग त्या लोकांसाठी लागणारा एक कोर्स, पगारातून बाजूला टाकलेल्या पैशात. तुझ्याकडे साठीच्या आसपासची माणसं टिकत असतील तर ज्येष्ठांच्या व्यायामाचा, बाळंतपणानंतरच्या बायका येत असतील तर त्याचा. करेक्टिव्ह एक्सरसाइजचं नाव भारदस्त आहे पण नवीन ट्रेनर तो करून आला की त्याला प्रत्येक माणसात बिघाड दिसायला लागतो, आणि धडधाकट माणसाला तुझी पाठ वाकडी आहे असं सांगून आपण घाबरवतो. हे मी मनापासून सांगतेय, थोडं थांब.

एक कोर्स मात्र या महिन्यातच ताजा करून घे, सीपीआर (हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर दाब देणं) आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) यांचा. पुतळ्यावर प्रत्यक्ष हात ठेवून शिकवतात तिथेच, नुसता व्हिडीओ नको. मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, हे वाचायला सोपं आहे आणि करताना दोन मिनिटांत हात भरून येतात. आणि उद्या ड्युटीवर गेलास की आधी विचार, आपल्या जिममध्ये एईडी कुठे ठेवलंय? नसेल तर मॅनेजरच्या मागे लाग.

ऑनलाइनबद्दल माझं उत्तर आत्ता नाही असं आहे. स्क्रीनवर तुला माणूस एका कोनातून, तोही कधीतरी पाठवलेल्या व्हिडीओत दिसणार, जे प्रत्यक्षात हजार वेळा बघितलंय तेच तिथे ओळखता येतं. जिमचा फ्लोअर तुला आत्ता फुकटात माणसं दाखवतोय, ते सोडू नको. स्वतंत्र व्हायचा विचार कधी करावा, तर दहा-बारा लोक पुन्हापुन्हा रिन्यू करतायत, त्यातले काही ओळखीतल्यांना पाठवतायत, आणि काही महिन्यांचा घरखर्च हाताशी आहे, तेव्हा. त्याआधी जिमसोबतचा करार नीट वाच, सोडल्यावर तिथल्या क्लायंटना शिकवता येईल का ते त्यात असतं. लायबिलिटी इन्शुरन्स घे. कॅन्सलेशनचा नियम, समजा २४ तास आधी कळवायचं, लिहून आणि सही करून घे. क्लायंटचे आधीचे-नंतरचे फोटो लेखी परवानगीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत.

आणि तुझ्या झोपेचं बघ. साडेचार ते रात्री दहा हे रोज चालणारं नाहीये, या लाईनमध्ये चांगली चांगली मुलं दोन वर्षांत थकून बाहेर पडलेली मी बघितलीत आणि फार वाईट वाटतं. लोक ऑफिसच्या आधी आणि नंतर येतात म्हणून आपला दिवस दोन टोकांना फाटतो, ते टळत नाही, पण आठवड्यातल्या दोन संध्याकाळी किंवा दोन पहाटा तरी बंद ठेव आणि मॅनेजरला आत्ताच सांग, तुझ्याकडे क्लायंट कमी आहेत तोवर हे सांगणं सोपं आहे. दुपारी तासभर खरंच झोप. स्वतःचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, तीस-पस्तीस मिनिटं, कॅलेंडरमध्ये क्लायंटसारखं नाव टाकून. पूर्वीएवढी वजनं आत्ता नाही उचलता आली तरी चालेल. थकलेल्या ट्रेनरची नजर पहिली जाते, चौथ्या सेशनला रेप्स मोजतोय पण बघत नाहीये असं होतं, आणि क्लायंटला ते कळतं.

आता या आठवड्यात करायच्या दोन गोष्टी. जे सहा जण गेले त्यांना मेसेज कर, परत या असं अजिबात म्हणायचं नाही. लिही की मी नवीन आहे, शिकतोय, माझ्याकडून काय वेगळं व्हायला हवं होतं ते एका ओळीत सांगाल का, राग येणार नाही. दोघं-तिघं तरी उत्तर देतील. जे येईल त्यावर वाद घालायचा नाही, थँक्यू म्हणायचं आणि वहीत उतरवायचं.

आणि दुसरी, त्या काकू. सगळ्या पत्रात तू त्यांना एक ओळ दिलीयेस, आणि मला विचारशील तर तुझ्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्यांच्यापाशी आहे. ५८ व्या वर्षी एक बाई आठवड्यातून दोनदा न चुकता तुझ्याकडे येते, म्हणजे तू त्यांच्यासोबत काहीतरी बरोबर करतोयस जे बाकीच्या सहा जणांसोबत केलं नाहीस. कदाचित त्यांच्याशी हळू बोलत असशील, कदाचित वय बघून पहिले आठवडे आपोआप हलके ठेवले असशील. त्यांचा प्रोग्रॅमही बघ जरा, ताकदीचं करतच असशील, पण तोल सांभाळायचे व्यायाम आत्तापासून घाल, एका पायावर उभं राहणं, रेषेवर चालणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ६५ च्या पुढच्या लोकांना असे व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस सांगितलेत, काकूंना ते त्या वयाच्या आधीच अंगवळणी पडतील. आणि सेशन संपलं की पाणी पिताना सहज विचार, काकू, तुम्ही इतक्या नियमित येता, कशामुळे यावंसं वाटतं? त्या बोलायला लागल्या की मध्ये बोलू नकोस. काय म्हणाल्या ते मला नक्की लिहून पाठव, वाट बघतेय.

- ताई